जामिनाचं वर्ष

फेब्रुवारीत छापखान्यांचा कायदा आला.
खांबेट्यांनी घरातल्या पाटल्या गहाण टाकून
दोन हजार जामीन भरला,
आणि जोडे न काढताच आत येऊन म्हणाले,
"लडकत, आजपासून इकडचं काही नको.
विलायतेचं घ्या. तारेनं येईल तेवढंच."

म्हणून एकोणीसशे दहा साली
बुधवारातल्या अंधाऱ्या माडीवर
मी विलायत जुळवली,
शिशाची, उलटी, एकेक खिळा.

मे महिन्यात राजा गेला.
कॅम्पातून तारवाला पोऱ्या घामाघूम आला.
काळे रूळ सापडेनात.
राणी गेली तेव्हाचे, नऊ वर्षं फडताळात पडलेले,
त्यातला एक वाकला होता.
दगडावर ठोकून सरळ केला,
पूर्ण नाही झाला.

त्याच दिवसांत पहाटे शेंडेनक्षत्र.
पर्वतीच्या पायऱ्यांवर ही गर्दी,
म्हणे राजाला न्यायला आलं.
माझा धाकटा भाऊ म्हसू जांभई देत म्हणाला,
"एका माणसाला न्यायला एवढं शेपूट?"

मग तो डॉक्टर.
बायको तळघरात पुरली,
दुसरीला पोराचे कपडे चढवून बोटीत बसला,
आणि कप्तानानं बिनतारी संदेश धाडला.
समुद्रावरून, तारेशिवाय!
खांबेटे हात चोळत म्हणाले,
"येऊ द्या सविस्तर. यात राजद्रोह नाही."
वर्गणीदार एकेचाळीस वाढले.
अंक तपासायला येणारा हवालदार
जिन्यातच उभा राहून आधी ते पान वाचायचा,
मग आम्हाला दरडवायचा.

गणपती गेले आणि उंदीर पडू लागले.
'पुणे शहर, प्लेग : चौदा.'
ही ओळ मीच जुळवली.
चौदांत म्हसू होता.
खांबेटे म्हणाले, "घरी जा."
मी म्हटलं, फर्मा बांधायचाय.
रूळ कुठल्या खणात आहेत ते मला ठाऊक होतं.
खण उघडला नाही.

नोव्हेंबरात वेल्समध्ये कोळशाचा संप,
दंगल, मागोमाग फौज.
कोळसा, टाळेबंदी, गोंधळ, वेळ :
मला ळ पुरेना.
शेजारच्या छापखान्यातून वाटीभर उसने आणले,
शिळ्या भाजीसारखे.

त्याच महिन्यात बायका पार्लमेंटवर चालून गेल्या,
मत द्या म्हणाल्या.
पोलिसांनी सहा तास त्यांना ढकललं, पाडलं.
अशा बायकांना मराठीत शब्द नव्हता.
खांबेट्यांनी तीन लिहिले, तिन्ही खोडले.
घड्या घालणारी तान्हुबाई ऐकत होती.
"मग मिळालं का त्यांना?"
नाही.
"पण त्या गेल्या," ती म्हणाली,
आणि पुढचा गठ्ठा ओढला.

डिसेंबरात पुन्हा निवडणूक.
जानेवारीचेच मथळे!
खिळे सोडवले नसते तरी चाललं असतं.

आणि वर्ष सरता सरता, नाताळच्या तोंडावर,
एका खाणीत स्फोट. आत तीनशेच्या वर माणसं.
नावं नाहीत.
तारेत शब्दाला पैसे पडतात.
आकडा मात्र तारेगणिक वाढत गेला,
मी खिळे बदलत राहिलो.

रात्री गॅलीवर कंदील धरून उभा होतो.
फडताळ उघडलं.
तोच वाकडा रूळ काढून
आकड्याखाली बसवला.
खांबेट्यांनी मुद्रित पाहिलं, चष्मा वर केला.
"हा कुणासाठी?"
खाणवाल्यांसाठी.
"यात काही..."
नाही, म्हटलं, यात काही नाही.
ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले,
मग कोपऱ्यात सही केली.

पहाटे तान्हुबाई घड्या घालायला बसली.
तिला अक्षर येत नाही, काळी रेघ येते.
ओल्या शाईवर बोट ठेवून विचारलं,
"कोण गेलं?"
खाणीतली माणसं, मी म्हटलं. लांबची.
"नावं?"
आली नाहीत.
तिनं बोट पदराला पुसलं,
आणि घडी पाडली ती जरा वरून,
रेघ मोडणार नाही अशी.